पीएच.डी.चे कोर्स आणि टीएशिप : अमेरिकेतले पहिले वर्ष कसे सांभाळाल

अमेरिकेतल्या विद्यापीठाचे पत्र येते, त्यात प्रवेशाबरोबर टीचिंग असिस्टंटशिपही (टीएशिप, म्हणजे प्रोफेसरांच्या कोर्समध्ये शिकवण्या-तपासण्याचे काम; ते करणारा तो टीए) दिलेली असते. ट्यूशन फी माफ, वर दरमहा स्टायपेंड (विद्यावेतन). पुण्यात, सांगलीत, नागपुरात घरोघरी पेढे वाटले जातात आणि ते वाटायलाच हवेत. पण त्या पत्राचा दुसरा अर्थ ऑगस्टमध्ये तिथे पोचल्यावर कळतो. तुम्ही एकाच वेळी तीन कोर्सचे विद्यार्थी असता आणि तीसचाळीस अमेरिकन मुलांचे शिक्षकही असता. दोन्हीचे वेळापत्रक एकाच सोमवारी सुरू होते.

या लेखात मला एक गोष्ट पटवून द्यायची आहे. शिकवण्याचे काम नेहमी पुढ्यात उभे असते. मुले दारात येतात, ईमेल येतात, तपासायचे पेपर टेबलावर दिसतात. तुमचा स्वतःचा होमवर्क मात्र गप्प असतो, म्हणून तो रात्री अकरानंतर ढकलला जातो. चांगली, प्रामाणिक, कामसू मुले नेमकी इथेच अडकतात. बहुतेक विद्यापीठांत टीएशिप चालू राहण्यासाठी तुमचा ग्रेड पॉइंट (सगळ्या कोर्सच्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) किमान ३.० असावा लागतो. म्हणजे विद्यार्थ्यांचे कितीही कौतुक मिळाले तरी स्टायपेंड टिकतो तो तुमच्या ग्रेडवर. शिकवणे मनापासून करा, पण त्याला कुंपण घाला. ते कसे घालायचे, हे पुढे पायरीपायरीने.

पायरी १ : तासांचा हिशेब कागदावर मांडा

पत्रात '५० टक्के नेमणूक' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आठवड्याला २० तास. २५ टक्के म्हणजे १० तास. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचे काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते, आणि ही मर्यादा सगळ्या कामांची मिळून असते. त्यामुळे ५० टक्के टीएशिप असताना लायब्ररीत किंवा कॅफेटेरियात आणखी चार तास करण्याचा विचारही मनात आणू नका. तो थेट व्हिसाचा भंग आहे.

आता कोर्स. अमेरिकेत कोर्सचे वजन क्रेडिटमध्ये मोजतात; एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास धरतात. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे ९ तास, तसे तीन घेतले की २७. त्यात टीएचे २० मिळवा. झाले ४७. आणि हा किमान आकडा आहे, कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातले क्वांटम मेकॅनिक्स किंवा रिअल अ‍ॅनालिसिस ९ तासांत आवरत नाही. शिवाय स्वयंपाक, कपडे, बस, बँक हे सगळे आता तुमच्याकडेच.

हा हिशेब घाबरवण्यासाठी नाही. ४७ तासांत काय बसते आणि काय बसत नाही, हे ऑगस्टमध्येच दिसले की पुढचे निर्णय सोपे जातात.

पायरी २ : कोर्स निवडताना हावरटपणा नको

पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून किती क्रेडिट लागतात हे विद्यापीठ ठरवते. बऱ्याच ठिकाणी ती संख्या ९ असते. टीए असलेल्यांना काही विद्यापीठे त्याहून कमी क्रेडिटवरही पूर्णवेळ मानतात. तुमच्याकडे नियम काय आहे, हे विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला (पीएच.डी. विद्यार्थ्यांचे कामकाज पाहणाऱ्याला) आणि इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला, अशा दोन्ही ठिकाणी विचारा. एकाने सांगितले म्हणून दुसऱ्याला गृहीत धरू नका. ऑनलाइन कोर्सचा मोह होत असेल तर हेही लक्षात ठेवा: पूर्णवेळाच्या हिशेबात एका सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, तोही तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो.

पहिल्या सत्रासाठी माझा सल्ला ठाम आहे. दोन जड कोर्स आणि तिसरा हलका. हलका म्हणजे सेमिनार, वाचनाचा कोर्स किंवा अ‍ॅडव्हायझर (संशोधनाचा मार्गदर्शक) मिळाला असेल तर संशोधनाचे क्रेडिट. तीन जड कोर्स 'एकदाच काय ते उरकून टाकू' म्हणून घेऊ नका.

कोर्स जड की हलका हे नावावरून कळत नाही. मागच्या वर्षीचा सिलॅबस (विषय, तारखा आणि नियम यांचा कोर्सचा आराखडा) मिळवा आणि सीनियरला तीन नेमके प्रश्न विचारा. होमवर्क दर आठवड्याला असतो की पंधरवड्याने? एका होमवर्कला खरोखर किती तास लागले? शेवटी प्रोजेक्ट आहे की परीक्षा? 'कोर्स कसा आहे?' असे विचारले तर 'मस्त आहे' एवढेच उत्तर येते.

एम.एस्सी. करून आलेल्यांना 'हे मी केलेले आहे' असे वाटते. त्या कोर्सवर क्वालिफायिंग परीक्षा (पीएच.डी. पुढे चालू ठेवण्यासाठी पास व्हावी लागणारी) बेतलेली असेल तर तो तरीही घ्या. आपल्याकडे सत्राच्या शेवटी एक मोठा पेपर असतो, महिनाभर आधी बसले तरी निभावते. तिथे दर आठवड्याला गणिते सोडवून द्यावी लागतात आणि त्यांचेच गुण बेरजेत जातात. ओळखीचा विषय असला तर ही नवी पद्धत अंगवळणी पडायला सोपे जाते. सत्राच्या सुरुवातीला अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याची, मुदत असते. तेवढ्यात चार वर्गांना बसून पाहा आणि मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, पहिल्या आठवड्याच्या शेवटी ठरवा.

पायरी ३ : सगळे सत्र एका कागदावर

पहिल्या आठवड्यात तुमच्या तिन्ही कोर्सचे सिलॅबस आणि तुम्ही ज्याचे टीए आहात त्या कोर्सचा सिलॅबस असे चार कागद हातात असतात. साधारण १५ आठवड्यांचे सत्र. एका मोठ्या कागदावर १५ ओळी आखा. डावीकडे तुमच्या मिडटर्म (सत्राच्या मधल्या परीक्षा), होमवर्क, प्रोजेक्ट. उजवीकडे टीएच्या परीक्षा, पेपर परत द्यायच्या तारखा, लॅब रिपोर्ट. विद्यापीठ क्वार्टर पद्धतीचे असेल तर १० च आठवडे मिळतात आणि पहिली परीक्षा चौथ्या आठवड्यातच दारात येते, तेव्हा हा कागद आणखी लवकर करा.

आता दोन्ही बाजू एकाच ओळीत कुठे भरल्या आहेत ते पाहा. समजा, तुमची मिडटर्म सातव्या आठवड्याच्या गुरुवारी आहे आणि तुम्ही ज्या प्राथमिक फिजिक्सचे टीए आहात त्याची मिडटर्म त्याच आठवड्याच्या मंगळवारी संध्याकाळी. मंगळवारी रात्री पर्यवेक्षण करून तुम्ही साडेनऊला घरी येता, सोबत ६० पेपर, आणि प्रोफेसर सांगतात, 'शुक्रवारपर्यंत तपासून द्या.' हे संकट सातव्या आठवड्यात कळले तर काहीच करता येत नाही. पहिल्याच आठवड्यात कळले तर त्याच कोर्सच्या दुसऱ्या टीएशी अदलाबदल करता येते. त्याने मिडटर्मचे माझ्या वाट्याचे थोडे जास्त पेपर घ्यावेत, मी फायनलला त्याचे घेईन. प्रोफेसरही अशा वेळी मुदत सोमवारपर्यंत सहज वाढवतात, कारण अजून काही बिघडलेले नसते.

या कागदावर दिवाळीही लिहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती येते तेव्हा परीक्षांचा हंगाम ऐन भरात असतो. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम बहुधा शनिवारी ठेवतात. त्याला जायचेच असेल, आणि जावेच, तर त्या आठवड्याचा होमवर्क गुरुवारी संपवण्याची सोय आधीच करून ठेवता येते.

पायरी ४ : प्रोफेसरशी पहिली भेट

सत्र सुरू होण्यापूर्वी प्रोफेसर टीएंची बैठक घेतात. तिथे नुसती मान डोलावून परतू नका. वही घेऊन जा आणि विचारा. मी प्रत्येक लेक्चरला बसायचे आहे का? किती सेक्शन (कोर्सच्या मुलांचे छोटे गट), प्रत्येकात किती मुले? होमवर्क मी तपासायचा की वेगळा ग्रेडर आहे? पेपर किती दिवसांत परत द्यायचे? उशिरा आलेला होमवर्क घ्यायचा की नाही, हे मी ठरवायचे की तुम्ही? गुणांबद्दलची तक्रार कोणाकडे जाईल?

शेवटचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे. मुदतवाढ आणि गुणांचे वाद यांचा निर्णय प्रोफेसरांकडे ठेवला तर तुमच्यावरचा निम्मा ताण जातो. विद्यार्थ्याला 'हा निर्णय प्रोफेसरांचा आहे, त्यांना ईमेल करा' एवढेच सांगावे लागते.

सत्र सुरू झाल्यावर पहिले चार आठवडे रोज टीएच्या कामाचे तास लिहून ठेवा. तयारी, वर्ग, ऑफिस अवर्स (मुलांनी येऊन शंका विचारायची ठरलेली वेळ), ईमेल, तपासणी, सगळे. आठवडा २६-२७ तासांवर जाऊ लागला तर ती नोंद घेऊन प्रोफेसरांकडे जा. आपल्याकडे 'हो सर' म्हणण्याची सवय इतकी मुरलेली असते की जास्त तास होतात हे सांगणे उद्धटपणाचे वाटते. तिथे तसे मानत नाहीत. 'आठवड्याला २० तासांची नेमणूक आहे, सध्या २६ होत आहेत. यातले काय कमी करू?' असे सरळ विचारलेले त्यांना आवडते, कारण त्यात तक्रार नसते, निर्णय मागितलेला असतो. बोलणे झाल्यावर ठरलेले दोन ओळींच्या ईमेलने कळवा.

काही विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामगार संघटना आहेत. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाची टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन १९६६ पासूनची. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२२ च्या अखेरीस हजारो टीए आणि संशोधक संपावर गेले होते. तिथल्या करारात ५० टक्के टीएसाठी सेमिस्टरला ३४० आणि क्वार्टरला २२० तास अशी कमाल मर्यादा लिहिलेली आहे. तुमच्या विद्यापीठात असा करार असेल तर तो पहिल्या महिन्यात वाचा. संघटनेत जायचे की नाही हा तुमचा प्रश्न, पण करारातले हक्क माहीत हवेतच.

पायरी ५ : वर्गात उभे राहताना

बऱ्याच विद्यापीठांत परदेशी टीएंना शिकवण्याआधी बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचे गुण कमी असतील तर दहा मिनिटे शिकवून दाखवायला सांगतात. हा अपमान समजू नका. काही राज्यांत तसा कायदाच आहे. पास होईपर्यंत काही ठिकाणी फक्त तपासणीचे काम देतात. पहिल्या सत्रात ते बरेच, असे माझे मत आहे.

मुलांना आपले इंग्रजी कळत नाही त्याचे कारण व्याकरण क्वचितच असते. आपण भराभर बोलतो आणि आपले काही शब्द तिथे वेगळे चालतात. 'टू इंटू थ्री' म्हणजे आपल्याला गुणाकार, तिथल्या मुलाला भागाकार वाटू शकतो, म्हणून 'टू टाइम्स थ्री' म्हणा. 'झेड' ला 'झी', मार्क्सना 'पॉइंट्स', 'एनी डाऊट्स?' ऐवजी 'एनी क्वेश्चन्स?' बोलता ते फळ्यावर लिहीत गेलात तर निम्मी अडचण मिटते.

तयारीला मर्यादा घाला. एका तासाच्या रेसिटेशनला (छोट्या गटाबरोबर गणिते सोडवण्याचा वर्ग) सुरुवातीला दोन तास, पाचव्या आठवड्यापासून एक. त्या वेळात काय करायचे? त्या दिवशीची गणिते उत्तरपत्रिका न पाहता स्वतः हाताने सोडवा आणि आपण कुठे अडखळलो त्यावर खूण करा. मुले तिथेच अडखळणार असतात. रंगीत स्लाइड करू नका, कोणी मागितलेल्या नसतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणा आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला खरोखर सांगा. एवढ्याने मुलांचा विश्वास बसतो.

पायरी ६ : पेपर तपासणे

खरा वेळ जातो तो इथे.

६० पेपर, प्रत्येकी पाच प्रश्न. एकेक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायला घेतला तर प्रत्येक पेपरला पाच वेगवेगळ्या उत्तरांचे निकष डोक्यात फिरवावे लागतात आणि दहा मिनिटे सहज जातात. ६० गुणिले १० म्हणजे १० तास. त्याऐवजी प्रश्नाप्रमाणे तपासा. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. एकच उत्तर डोक्यात असल्याने वेग वाढतो. एका उत्तराला सरासरी एक मिनिट धरले तर ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास. शिवाय गुण सारखे पडतात. सारख्याच उत्तराला सकाळी तपासले तर सहा आणि रात्री थकून तपासले तर चार, असे होत नाही.

प्रत्येक प्रश्नाला हात घालण्याआधी आठदहा उत्तरे नुसती वाचा, गुण देऊ नका. मुले कोणत्या तीनचार चुका करतात ते लगेच दिसते. मग रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता, लिहा. दहा गुणांच्या प्रश्नात योग्य सूत्र मांडले ३, आकृती बरोबर २, पायऱ्या ३, उत्तर आणि एकक २. चिन्हाची चूक झाली तर १ वजा, आणि ती चूक पुढे वाहत गेली तर पुन्हा वजा नाही. ही शेवटची ओळ नक्की लिहा, नाहीतर निम्म्या तक्रारी तिच्यावरून येतात. रुब्रिक प्रोफेसरांना दाखवून घ्या. मगच लाल पेन उचला.

शेरे लांब लिहू नका. तीच चूक वीस जणांनी केली असेल तर वीस वेळा लिहिण्यापेक्षा सगळ्यांसाठी एक पान करून कॅनव्हासवर (कोर्सच्या वेबसाइटवर) टाका. ग्रेडस्कोप हे पेपर तपासण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एकदा लिहिलेला शेरा पुढच्या पेपरला एका क्लिकवर लागतो, आणि रुब्रिक मध्येच बदलले तर आधीच्या पेपरांचे गुणही आपोआप बदलतात. विद्यापीठाकडे त्याचे लायसन्स आहे का ते जरूर विचारा.

पेपर परत दिले की तक्रारी येतात. 'परत मिळाल्यापासून एक दिवस थांबा, मग काय चुकीचे तपासले गेले ते लेखी द्या,' असा नियम प्रोफेसरांच्या संमतीने पहिल्या तासालाच सांगून ठेवा. वर्गानंतर दारात उभे राहून गुण वाढवू नका. एकाला दिलेला अर्धा गुण तासाभरात सगळ्यांना कळतो.

पायरी ७ : ऑफिस अवर्स, ईमेल आणि काही कायदे

ऑफिस अवर्स तुमच्या स्वतःच्या जड वर्गाच्या आदल्या संध्याकाळी ठेवू नका. मुलांचा होमवर्क जमा करायचा त्याच्या आदल्या दिवशी गर्दी उसळते. एक तास त्या दिवशी, दुसरा दोन दिवस आधी, अशी वाटणी बरी. एकेकाला तेच समजावण्यापेक्षा आलेल्या मुलांना फळ्यापाशी एकत्र बसवा. वेळ संपली की उठा.

ईमेलला दिवसातून दोनदा उत्तर द्यायचे ठरवा आणि ते मुलांना सांगून टाका. गणिताचे प्रश्न ईमेलवर सोडवत बसू नका. पियाझासारख्या चर्चेच्या जागी विचारायला सांगा, म्हणजे एक उत्तर सगळ्यांना पोचते.

१९७४ चा फर्पा नावाचा कायदा विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवायला सांगतो. गुणांची यादी दारावर लावायची नाही, मुलाच्या पालकांचा फोन आला तर गुण सांगायचे नाहीत, पेपरांचा गठ्ठा वर्गाबाहेर ठेवून 'आपापला घ्या' म्हणायचे नाही. आपल्याकडे हे सगळे सर्रास चालते, म्हणून मुद्दाम सांगतो. कॉपीचा संशय आला तर मुलाला स्वतः जाब विचारू नका. दोन्ही पेपरांच्या प्रती प्रोफेसरांकडे द्या आणि त्यातून बाजूला व्हा. एखाद्या मुलीने किंवा मुलाने लैंगिक छळाबद्दल सांगितले तर अनेक विद्यापीठांत टीएला ते टायटल नाइन ऑफिसला (लिंगभेद आणि लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारे कार्यालय) कळवणे बंधनकारक असते. सत्राआधीच्या प्रशिक्षणात हे सांगतात. ते प्रशिक्षण झोपेत काढू नका.

पायरी ८ : स्वतःचा अभ्यास

आठवड्यातल्या दोन सकाळी स्वतःच्या कोर्ससाठी राखून ठेवा, आठ ते बारा, आणि त्या वेळी टीएचे ऑफिस, ईमेल, फोन सगळे बंद. कॅलेंडरवर 'वर्ग' म्हणूनच लिहा, म्हणजे कोणी तिथे बैठक लावत नाही.

होमवर्क मिळाला त्याच दिवशी अर्धा तास सगळे प्रश्न वाचून काढा. सोडवले नाहीत तरी चालेल. कोणता प्रश्न अडणार ते कळते आणि प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला मुदतीआधी जाता येते. आपली मुले ऑफिस अवर्सला जायला लाजतात. स्वतः टीए म्हणून मुलांना 'या, विचारा' म्हणतात, आणि विद्यार्थी म्हणून प्रोफेसरांच्या दारावर टकटक करत नाहीत. जा. दोनतीन जणांचा अभ्यासगट करा, त्यात फक्त मराठी किंवा भारतीय मुले नसावीत. चर्चा कितपत चालते हे सिलॅबसमध्ये लिहिलेले असते. चर्चा एकत्र आणि लिहिणे स्वतंत्र, असा बहुधा नियम असतो. तो काटेकोर पाळा, कारण तिथे उत्तर उतरवून काढणे म्हणजे हकालपट्टीपर्यंत जाणारे प्रकरण.

जेवणाची रड मध्ये आणू देऊ नका. रविवारी दोन भाज्या आणि डाळ करून डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाकली की बुधवारपर्यंत फक्त भाताचा कुकर लावावा लागतो.

पायरी ९ : ओझे झेपेनासे झाले तर

पहिली मिडटर्म वाईट गेली तर त्याच आठवड्यात त्या कोर्सच्या प्रोफेसरांना भेटा. कोर्स सोडायचा विचार असेल तर क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिस, मग ड्रॉपचे बटण. परवानगी मिळण्याआधी क्रेडिट पूर्णवेळाच्या खाली गेले तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. नव्या शिक्षणपद्धतीशी जुळवून घेताना येणारी अडचण, इंग्रजीची अडचण, चुकीच्या पातळीचा कोर्स, अशा कारणांसाठी कमी क्रेडिटची परवानगी मिळू शकते, पण निदान निम्मे क्रेडिट ठेवावेच लागतात आणि एका पदवीसाठी ही सवलत एकदाच. आजारपणासाठी वेगळी तरतूद आहे, डॉक्टरांचे पत्र लागते. झोप उडाली असेल, रडू येत असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जा. तिथले बोलणे तुमच्या विभागाला कळत नाही.

पायरी १० : पुढच्या सत्राची तजवीज

पुढच्या सत्राच्या टीएच्या नेमणुका विभाग आधीच ठरवून टाकतो. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करा आणि वसंत सत्रात हाच कोर्स असेल तर तोच पुन्हा मागा. दुसऱ्या वेळी तयारीचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो, कारण सोडवलेली गणिते, रुब्रिक, सगळ्यांसाठी केलेली पाने तयार असतात. त्यासाठी डिसेंबरमध्ये घरी जाण्याआधी या सगळ्या फाइल आठवड्यानुसार नावे देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा. त्यात एक कोरी फाइल घालून कोणत्या आठवड्यात मुले कुठे अडली आणि तुमचा वेळ कुठे जास्त गेला, ते आठवते आहे तोवर लिहून टाका. विद्यार्थ्यांचे गुण आणि नावे मात्र त्या फोल्डरमध्ये ठेवू नका, ती विद्यापीठाच्या सर्व्हरवरच राहू द्या.